पदर उलटा करून दाखवताना: आमच्या पैठणी व्यवसायाची वाटचाल

पैठणी घ्यायला आलेली जाणकार बाई किंमत नंतर विचारते. आधी पदर हातात घेते, उलटा करते आणि मागची बाजू बघते. हातमागावरच्या पैठणीत पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरताच आडवा जातो आणि शेजारच्या धाग्यात अडकवून परत फिरवला जातो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे लोंबणारे नाहीतर कापलेले धागे असतात. येवल्यात गादीवर बसून हे दाखवायला अर्धा मिनिट पुरतो. पण पुण्यात, इंदूरला किंवा दुबईत मोबाईल बघत बसलेल्या बाईला ते कसं दाखवायचं? आमच्या सोशल मीडियावरच्या जाहिरातींचे सगळे निर्णय याच प्रश्नातून झाले आहेत.

आमच्या घरी माग आजेसासऱ्यांच्या काळापासून. माल तयार झाला की पुण्या-मुंबईचे व्यापारी येऊन उचलायचे, पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव वाढलं, आणि त्याच नावाने यंत्रमागाचा मालही जोरात खपू लागला. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. ऐन लग्नसराईत व्यापाऱ्यांनी माल उचलणं थांबवलं, विणकरांची मजुरी मात्र द्यायचीच होती. तेव्हा घरात ठरलं की मागाचं काम यजमान बघतील आणि थेट ग्राहकापर्यंत माल मी पोचवेन. हातात फोन होता आणि कपाटात साड्या होत्या, तिथून फेसबुकच्या पानावर सुरुवात झाली.

त्या वेळी सगळीकडे एकाच छापाच्या जाहिराती दिसायच्या: साडीचा फोटो, त्यावर सवलतीचा आकडा, फोन नंबर, दुकानाचं नाव, चारही कोपरे भरलेले. चित्रात मजकूर वीस टक्क्यांपेक्षा जास्त असला की फेसबुक ती जाहिरात कमी लोकांना दाखवायचं. सप्टेंबर 2020 मध्ये तो नियम त्यांनी काढून टाकला. आम्ही तेव्हाही फोटोवर अक्षरं टाकली नाहीत आणि आजही किमतीशिवाय काही टाकत नाही. विणकराने महिनोन्‌महिने बसून भरलेला पदर आपणच अक्षरांनी झाकायचा, हे मला पटत नाही.

फोटोची मर्यादा सगळ्यात आधी कळली ती धूपछाव रंगात. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, म्हणून उजेड बदलला की साडी रंग बदलते. हिरवी म्हणावी तर वळताना जांभळी झळकते. फोटोत या दोनातला एकच रंग येतो. ग्राहकाच्या मनात तोच बसतो आणि पार्सल उघडल्यावर फोन येतो, “ताई, हा रंग आम्ही मागितला नव्हता.” असल्या साडीला व्हिडिओशिवाय पर्याय नाही. जुलै 2020 मध्ये इन्स्टाग्रामवर भारतात रील, म्हणजे छोटा उभा व्हिडिओ, सुरू झालं आणि आमच्या धूपछाव साड्यांना त्यांची जागा सापडली.

आमची चित्रीकरणाची पद्धत अगदी साधी आहे. सकाळी अंगणात, भिंतीच्या सावलीत, थेट ऊन अंगावर न घेता. फोनचा कॅमेरा राणी आणि लाल रंग भडक करतो, म्हणून उजेडाचा समतोल हाताने ठरवून लॉक करायचा आणि फिल्टर कोणताही लावायचा नाही. जाऊबाई पदर खांद्यावर घेतात आणि सावकाश वळतात, एवढंच. खांद्यावरून खाली सोडलेला पदर मुळात उभाच असतो, त्यामुळे रीलची नऊ बाय सोळाची उभी चौकट त्याला जणू मापून बेतल्यासारखी बसते. फक्त खालचा साधारण तिसरा हिस्सा मोकळा ठेवावा लागतो, कारण तिथे पानाचं नाव, मजकूर आणि बटण येतं. पदराचा मोर तिथे आला तर त्याचे पायच दिसत नाहीत. म्हणून आम्ही नक्षी चौकटीच्या मध्यावर धरतो आणि खाली निऱ्या येऊ देतो.

मागाचा व्हिडिओ वेगळा. त्यात मी विणकराचे हात दाखवते. बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलातले मोर, भरताना रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या ताण्यावर ओळीने पडलेल्या असतात. एक कांडी चार-पाच तारांखालून काढायची, शेजारच्या रंगात अडकवायची, ठेवायची, दुसरी उचलायची. एक ओळ पुरी झाली की फणी ठोकायची. पंधरा सेकंदांच्या व्हिडिओत मोराची चोचसुद्धा पुरी होत नाही, आणि मला तेच दाखवायचं असतं. साडीची किंमत एवढी का, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून खाली मराठीत मजकूर देतो. आवाज चालू असणाऱ्यांना मागाचा खटका ऐकू येतो. सिनेमाची गाणी जाहिरातीत हक्काशिवाय वापरता येत नाहीत, पण तशीही मला त्यांची गरज वाटली नाही.

मध्यंतरी एका एजन्सीने सल्ला दिला होता की दर सेकंदाला दृश्य बदला, मॉडेल घ्या, पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी धक्का द्या. पहिले तीन सेकंद महत्त्वाचे, हे मान्य. आमचं पहिलं दृश्य म्हणूनच जवळून घेतलेला पदर असतो, दुकानाची पाटी कधीच नसते. पण सेकंदाला दृश्य बदललं तर काठ डोळ्यांत भरायला वेळच मिळत नाही. झटपट बदलणारी दृश्यं स्वस्त कुर्त्यांना चालतात. लेकीच्या लग्नाची साडी घेणारी आई मात्र व्हिडिओ थांबवून, परत मागे नेऊन बघते.

तरीही उलटी बाजू रीलमध्ये नीट दिसत नाही. हात हलतो, जर चमकते आणि बघणाऱ्याला खात्री होत नाही. त्यासाठी कॅरोसेल, म्हणजे बोटाने सरकवत बघायची चित्रमाला. आमचा क्रम ठरलेला आहे. आधी पूर्ण पदर, मग पदराचा एक वीतभर भाग सुलट, लगेच पुढे तोच भाग उलट, मग काठ, अंगावरची बुट्टी, ब्लाउजपीस, आणि शेवटी सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाची खात्री देणारं, लेबल व किंमत. सुलट आणि उलट एकापाठोपाठ आलेच पाहिजेत, तेही त्याच उजेडात आणि तेवढ्याच अंतरावरून. जास्त चालणारं चित्र आपोआप पुढे आणायची सोय जाहिरातीच्या सेटिंगमध्ये असते. ती आम्ही बंद ठेवतो, नाहीतर आमची जोडी फुटते. रीलला बघणारे जास्त मिळतात, कॅरोसेलला कमी. पण कॅरोसेलवरून येणारा प्रश्न नेमका असतो: “एकधोटी आहे का तीनधोटी?” (म्हणजे बाणा नेणारा धोटा एकच वापरलाय की तीन), “जर कोणती?” असं विचारणारी बाई घेण्याच्या तयारीनेच आलेली असते.

एका चित्राची जाहिरात संक्रांतीला आणि नवरात्राला चालते. संक्रांतीला काळी पैठणी हवी हे घराघरात आधीच ठरलेलं असतं. तिथे काळी साडी, हलव्याचे दागिने आणि किंमत, एवढं एका चित्रात पुरतं. नवरात्रात आजचा रंग कोणता हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून आदल्या संध्याकाळी त्या रंगाच्या साडीची स्टोरी टाकतो. तिथे लांबलचक व्हिडिओ करणं म्हणजे वेळ घालवणं.

पैशांबद्दल थोडं स्पष्ट लिहिते, कारण छोटे व्यावसायिक इथेच अडकतात. दिवसाला पाचशे रुपये असले तरी ते पाच प्रकारच्या जाहिरातींत वाटायचा मोह होतो. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाची यंत्रणा सुरुवातीला शिकत असते, आणि एका अ‍ॅड सेटला, म्हणजे एकाच रकमेवर चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला, आठवड्यात साधारण पन्नास परिणाम, म्हणजे आमच्या बाबतीत पन्नास संभाषणं, मिळेपर्यंत तिचा अंदाज स्थिरावत नाही. शंभर-शंभर रुपयांत पन्नास संभाषणं कुठून येणार? आम्ही एका वेळी दोनच प्रकार समोरासमोर ठेवतो. साडी तीच, बघणारे त्याच प्रकारचे, रक्कम सारखी, फक्त मांडणी वेगळी. आठवडाभर हात लावत नाही. मधेच मोठा बदल केला की यंत्रणा पुन्हा शिकायला बसते.

निकाल बघताना लाइक मोजत नाही. आमच्या जाहिरातीचं बटण थेट व्हॉट्सअ‍ॅपवर नेतं, कारण एवढी महाग साडी कोणी बटण दाबून घेत नाही. बोलून, विचारून, नणंदेला दाखवून घेतात. म्हणून वहीत दोन रकाने आहेत: किती जणींनी नुसतं “प्राइस प्लीज” लिहिलं आणि किती जणींनी साडीबद्दल काही विचारलं. दुसरा रकाना भरणाऱ्या जाहिरातीला पुढच्या आठवड्यात पैसे वाढतात. रीलमुळे पहिला रकाना ओसंडतो आणि उत्तरं देता देता दुपार जाते, म्हणून आता रीलमध्येच किंमत लिहितो. संदेश कमी झाले, पण दुसरा रकाना होता तेवढाच राहिला.

रील आणि कॅरोसेल दोन्ही एकत्र वापरायची आमची रीत आता बसली आहे. मागाचा किंवा धूपछावचा व्हिडिओ आधी मोठ्या समूहाला दाखवायचा. ज्यांनी तो बराचसा पाहिला त्यांनाच नंतर कॅरोसेल दाखवायची. त्यांनी विणकाम पाहिलेलं असतं, त्यामुळे उलट्या बाजूचं चित्र का दाखवलंय हे त्यांना न सांगता कळतं. परदेशातल्या मराठी घरांसाठी आणखी एक पायरी आहे, व्हिडिओ कॉल. त्यांची संध्याकाळ म्हणजे कधी आमची पहाट असते. तेव्हा अंगणात उजेड नसतो, आणि ट्यूबलाइटखाली धूपछाव दाखवायला मी तयार नाही. त्यांना आमच्या सकाळची वेळ देते आणि बहुतेक जणी थांबतात.

सध्या नऊवारीची जुळवाजुळव चालू आहे. नऊवारीचा काष्टा मागून कसा दिसतो हे उभ्या फोटोत येत नाही, आणि पदर दाखवायला गेलं तर काष्टा चौकटीबाहेर जातो. जाऊबाईंचं म्हणणं आहे की नेसतानाच चित्रण करावं, पहिल्या गाठीपासून. तुळशीच्या लग्नाआधी तसे दोन व्हिडिओ तयार करतोय, एक लांब आणि एक छोटा. दोन्हींवर सारखीच रक्कम लावणार आहोत.