आज रिसेप्टर जमले (बहुतेक)

बाहेर बडोद्याचं रणरणतं ऊन आणि मी दुपारभर मायक्रोस्कोपच्या काळोख्या खोलीत. पण आज पेशींनी दर्शन दिलं!

बघायचे होते ईजीएफआर, पेशीच्या पडद्यावरचे, वाढीचा निरोप घेणारे रिसेप्टर; निरोप मिळाला की ते एकत्र जमतात का, हे. टर्फ नावाच्या मायक्रोस्कोपच्या पद्धतीत लेझर इतका तिरका सोडतात की तो काचेवरून सगळाच्या सगळा परत फिरतो. पलीकडे जेमतेम १०० नॅनोमीटरपर्यंत उजेड पोचतो. म्हणजे काचेला टेकलेला पडदा तेवढा चमकतो, पेशीचं पोट काळं. ३७ अंशांवर पेशी खुशाल होत्या. ईजीएफ (वाढीचा निरोप देणारं प्रथिन) सोडलं आणि काही मिनिटांत मंद ठिपक्यांच्या जागी ठळक ठिपके, म्हणजे रिसेप्टर जमले असावेत!

"मग संपलं ना काम?" रात्री जेवताना आई. छे, खरी कटकट इथूनच. साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन रेणू एकच दिसतात. नवरात्रात गच्चीवरून गरबा बघताना ते दोघं जोडीदार की नुसते शेजारी, कळतं का? शिवाय ठळक ठिपका म्हणजे पेशीने आत ओढायला घेतलेला पडद्याचा खड्डाही असू शकतो. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ही २०० नॅनोमीटरची मर्यादा ओलांडणाऱ्यांनाच मिळालं, पण त्या पद्धतींना बहुधा जास्त उजेड नाहीतर जास्त वेळ लागतो, आणि जिवंत पेशीला दोन्ही जड. फॉर्मल्डिहाइडने पेशी गोठवाव्यात, तर काही प्रथिनं त्यानंतरही हलतात आणि त्यांना रंगवायला लावलेली अँटिबॉडीच त्यांची टोळकी जमवते.

त्यात जीएफपीलाही (रिसेप्टर दिसावा म्हणून त्याला जोडलेलं चमकणारं प्रथिन) आपापसात जोड्या जमवायची किंचित खोड. म्हणून उद्या ए२०६के नावाचा, जोड्या टाळणारा बदल केलेला, एकलकोंडा जीएफपी. त्यातही हेच ठिपके दिसले, तर थोडं मानीन.