दहा पौंड, नऊ औंस

दुपारचं जेवण अंमळ जास्त झालं की लोक आडवे होतात. मी जुन्या बंदुकांच्या लिलावाच्या याद्या वाचतो. विकत घेण्याचा प्रश्नच नाही. मोरीत झुरळ निघालं तर मी पाटावर चढतो आणि चप्पल बायको शोधते, एवढाच आमचा शिकारी बाणा. पण विलायतेतल्या त्या याद्या फार निगुतीनं लिहिलेल्या असतात. नळी २६ इंच. दस्ता १४ पूर्णांक ३ अष्टमांश इंच. वजन १० पौंड ९ औंस. परवा त्या नऊ औंसांपाशी अडकलो. हत्ती-गव्यांसाठी बनवलेली .४७०ची (हे आकडे म्हणजे नळीच्या भोकाचं इंचांतलं ढोबळ माप) दुनळी रायफल, वय शंभरीच्या आसपास. पावणेपाच किलो म्हणून मोकळं झाले असते तर कोण भांडायला येणार होतं?

येतात भांडायला. या छंदातली माणसं औंसाऔंसावरून हमरीतुमरीवर येतात, आणि त्यांचं चूकही नसतं. गोळी ज्या जोमानं पुढे जाते त्याच जोमानं बंदूक मागे येते. मग बंदूक जितकी जड तितका धक्का मवाळ. रिग्बी या बंदूकवाल्यांच्या .४१६ची गोळी ४१० ग्रेनची (ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग), तिला साडेनऊ-दहा पौंडांची रायफल पुरते. .५७७ला ७५० ग्रेनची गोळी, तिथं काटा तेरा पौंडांवर जातो. .६०० नायट्रो एक्स्प्रेस ही त्यांतली थोरली. तिची गोळी ९०० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ ५८ ग्रॅम शिसं, आणि रायफल पंधरा-सोळा पौंडांची. सात किलो! सहा महिन्यांचं अंगानं भरलेलं बाळ उन्हातून दिवसभर मिरवायचं आणि ऐनवेळी खांद्याला लावून स्थिर धरायचं. बार निघतो त्या पावसेकंदापुरता तो जडपणा उपकार करतो. उरलेला सगळा दिवस छळतो.

बाळावरून सॅम्युअल बेकर आठवला. नाईलच्या उगमाच्या शोधात फिरलेला हा दांडगा इंग्रज. त्यानं वीस पौंडांची एक रायफल खास बनवून घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘बेबी’. तिचा गोळा अर्ध्या पौंडाचा. बरोबरचे अरब तिला तोफेचं पोर म्हणत. बार काढला की ती बेकरसारख्या धिप्पाड गड्याला जागच्या जागी गरकन फिरवी, आणि तोही तिला भिऊनच असे. तिच्या मानाने फ्रेडरिक सेलू या इंग्रज शिकाऱ्याची चार बोअर गरीबच म्हणायची. बाराबोअर म्हणजे पौंडभर शिशाच्या बारा गोळ्या हे आपल्याकडे गावोगाव ठाऊक असतं. त्याच हिशेबानं चार बोअरची एक गोळी पाव पौंडाची. विशीतल्या सेलूनं आफ्रिकेत ठासणीच्या असल्या बंदुकांनी हत्ती मारले आणि पुढे जन्मभर हळहळला, की त्या धक्क्यांनी नसा अशा बिघडल्या की बार काढताना अंग आपोआप आक्रसायचं.

ठासणीची म्हटलं की मला आजोळची पडवी दिसते. आईचे मामा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्यांच्याकडे शेती-संरक्षणाच्या परवान्यावरची एक होती. भातात डुकरं शिरायची, नारळांवर माकडं. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि माकडांना कुठून कळायचं कोण जाणे! मे महिन्यात आबा ती खुंटीवरून काढून पुसायला घेत. गजाला चिंधी गुंडाळायची, खोबरेलात बुडवायची, नळीत खालीवर सारायची. चिंधी काळी निघायची, तिसरी-चौथी जरा कमी काळी. दस्त्याला एके ठिकाणी तांब्याची तार गुंडाळलेली होती आणि तारेखाली लाकूड तडकलेलं. गंधकाचा वास दिवसभर बोटांना राहायचा. मी हट्ट धरला म्हणून एकदा हातात दिली. तिचं सगळं वजन तोंडाकडे. मागचा हात वर गेला आणि नळी खाली निघाली. आबा ओरडले, “नळी भुंयेर टेकव नको रे!” मग माझं तोंड बघून हसले. “जड लागता? माज्या खांद्याक सवय आसा.”

पुढे याद्यांच्या नादी लागल्यावर कळलं की वजन किती यापेक्षा ते कुठं आहे हा प्रश्न थोर. चांगल्या दुनळीचं वजन दोन हातांच्या मधोमध येतं आणि दहा पौंडही खांद्यापर्यंत सहज उचलले जातात. शिवाय दुनळीला मागे बोल्टची, म्हणजे काडतूस नळीत सारणाऱ्या सरकत्या दांड्याची, लांबी नसते, त्यामुळे तेवढ्याच नळीची बोल्टवाल्या रायफलीपेक्षा ती तीन-चार इंचांनी आखूड भरते. गच्च झाडीत तीन-चार इंच पुष्कळ झाले. नळीच कापून आखूड करावी तर गोळीचा वेग घटतो आणि बार कानाच्या आणखी जवळ फुटतो.

आता दोन नळ्या शेजारी शेजारी बसवायच्या हे काम सोपं वाटतं. पण उजवी उडवली की गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत सबंध रायफल उजवीकडे झुकू लागलेली असते, डावीच्या वेळी डावीकडे. नळ्या सरळ समांतर ठेवल्या तर गोळ्या फाकणार. म्हणून तोंडाशी त्या किंचित जवळ आणतात. किती जवळ, हे कागदावर सुटत नाही. कारागीर बार काढतो, लक्ष्यावरची भोकं बघतो, डाख तापवून सैल करतो, तोंडाशी नळ्यांच्या मधली पाचर केसभर सरकवतो, पुन्हा डाख, पुन्हा बार. दोन्ही गोळ्या शेजारी पडेपर्यंत हेच. एवढं करून ती रायफल एकाच वजनाच्या गोळीशी आणि दारूच्या एकाच मापाशी इमान राखते. दुसरं काडतूस घातलं की फारकत. त्यात कॉर्डाइट ही दारू उन्हानं तापली की जास्त भडकते, म्हणून हिंदुस्थान-आफ्रिकेकडे येणाऱ्या या मोठ्या काडतुसांत दाब मुळातच कमी ठेवलेला असे. उन्हात रिकामं टरफल नळीत चिकटून बसलं आणि समोर गवा असला, तर वजनकाट्यावरची चर्चा तिथंच संपते.

दस्त्याबद्दल मला जरा हळवेपणा आहे. लाकूड अक्रोडाचंच हवं, तेही बुंध्याजवळचं, धुरकट काळ्या रेषांचं. पण या रेषांनी मागेच नाचावं. जिथं मुठीत धरतात तिथं लाकडाचा धागा सरळ गेला पाहिजे, नाहीतर धक्क्यानं तडकतो, मग तांब्याची तार आहेच. दस्ता खांद्याकडे फार खाली झुकलेला असला की नळीचं तोंड वर उसळतं आणि दस्ता गालफडात बसतो. सरळ असला की धक्का थेट मागे जातो. दुखतं तेव्हाही, पण दात शाबूत राहतात.

हे सगळं ज्यांच्यासाठी घडवलं त्या साहेबांचं सरकार मात्र स्वतःच्याच बंदुकांना घाबरून होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .४५०च्या मापावर बंदी आली. काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील आणि फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरली जातील ही धास्ती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी पळवाट काढली. .४६५, .४७०, .४७५. हत्तीला फरक कळण्याचं कारण नव्हतं.

आणि या जडजंबाळ कारभाराला टाचणी लावणारी माणसंही झाली. ‘करमोजो’ बेलनं हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यातले बहुतेक ७ मिलिमीटरच्या हलक्या रायफलीनं. मेलेल्या हत्तीची कवटी करवतीनं कापून मेंदू नेमका कुठं असतो ते त्यानं पाहून ठेवलं होतं. कौतुक करावं की शिसारी यावी, माझं अजून ठरत नाही. कॉर्बेटची गोष्ट त्या मानानं बरी. चंपावतच्या वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ सालच्या त्या कामगिरीचं बक्षीस म्हणून संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरनं त्याला हलकी .२७५ रिग्बी दिली. जड .४५०/४०० दुनळीही त्याच्याकडे होती. पण १९३०मध्ये चौगडची नरभक्षक वाघीण हाकेच्याही आत, पाठीमागेच दबून बसलेली सापडली, तेव्हा डाव्या हातात रातवा पक्ष्याची अंडी होती. उजव्या हातानं, एकट्यानं, रायफल इंचाइंचानं वळवत त्यानं बार काढला. रायफल हलकी होती हे आपल्या पथ्यावर पडलं, असं त्यानंच लिहून ठेवलं आहे. अंडी त्यानं घरट्यात परत नेऊन ठेवली.

दुनळीवाले यावर म्हणतात, कॉर्बेटचं सोडा हो. आणि मग पुन्हा औंस सुरू. पण सात किलोंची .६०० दिवसभर वागवायची कुणी, हा प्रश्न त्या वादात कधी निघत नाही. कारण तो पूर्वीच सुटलेला होता. साहेबाच्या हातात हलकी रायफल, मागून बंदूक वाहणारा गडी, त्याच्या खांद्यावर जड. हत्ती दिसला की त्यानं ती पुढे करायची आणि पळायचं नाही. यादीत नळी आहे, दस्ता आहे, रबराच्या गादीची जाडी आहे, पहिल्या मालकाचं नाव हुद्द्यासकट आहे. वाहणाऱ्याचं नाव मी अजून एकाही यादीत वाचलेलं नाही.

असो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हा वाद निव्वळ वाचनापुरता उरला, ते बरंच झालं. तरी कुणी विचारलंच तर मी .४१६ म्हणेन. बोल्टवाली, २४ इंच नळी, साध्या रेषांचा सरळ दस्ता. पौंडभर जड असली तरी चालेल, उचलायची कुणाला आहे?