अकरा वाजून सात मिनिटांनी

चिपळूणजवळच्या एका वाडीत एक आजी एकट्या राहतात. घरी डीडी फ्री डिश आहे, बसवली मीच. मार्चमध्ये त्यांचा फोन आला, "रोज अकराला चित्र जातं रे बाबा."

दुपारी चारला गेलो. चित्र स्वच्छ. तरी कनेक्टर नवे घातले. दोन दिवसांनी परत तक्रार, पुन्हा दुपारीच गेलो आणि एलएनबी, म्हणजे डिशच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग, बदलला. त्याचे पैसेही घेतले. मुंबईचा मुलगा फोनवर म्हणाला, आई रिमोटचं काहीतरी दाबत असेल. मलाही तसंच वाटू लागलं होतं, याचं आज वाईट वाटतं.

१४ मार्चला मात्र साडेदहालाच जाऊन बसलो. आजींनी भिंतीवरची दिनदर्शिका दाखवली. तारखांच्या चौकटीत पेन्सिलीने वेळा लिहिलेल्या. दहा तारखेला ११.०९ ते ११.१६, तेराला ११.०७ ते ११.१८. इतकी नेमकी नोंद मला आजवर कुणी दिली नव्हती.

११.०७ ला चित्राचे चौकोनी तुकडे झाले आणि पडदा काळा पडला. सेटटॉप बॉक्सवर सिग्नलचं पान उघडलं. क्वालिटी, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ, ती शून्य; स्ट्रेंथ, म्हणजे त्याचा जोर, तो जागेवर. वायर तुटली असती तर दोन्ही खाली आले असते. धावत अंगणात गेलो. डिशच्या दांड्याची सावली खालच्या काठाशी बरोबर मधोमध पडली होती. सूर्य थेट उपग्रहाच्या मागे उभा होता!

फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, चांगला उंच. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरच्या शेवटी, काही दिवस सूर्य त्याच्या पाठीमागून सरकतो. सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा गोंगाट एवढा मोठा, की ३६,००० किलोमीटरवरून येणारा बारीक सिग्नल त्यात बुडतो. बिघाड कसलाच नसतो. त्या दहा मिनिटांत घाईने बोल्ट सैल करून कुणी डिश हलवली, तर नीट बसलेली दिशा मात्र जाते. तेवढं माझ्या हातून झालं नाही, हे नशीब.

आजींना सांगितलं, तर म्हणाल्या, "तोंडावर ऊन आलं की बांधावरचा माणूस ओळखू येत नाही, तसंच की." याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

११.१८ ला चित्र परत आलं. एलएनबीचे पैसे त्यांच्या हातात ठेवले, त्या नको नको म्हणत होत्या तरी. मग दिनदर्शिकेची पानं उलटून ३० सप्टेंबरभोवती गोल केला आणि 'पावणेअकरा' लिहिलं.

त्या दिवशी दहा पन्नासला फोन वाजला. "गेलं बघ. पण आज तर ऊनच नाही, आभाळ भरलंय."

"आजी, ढग उन्हाला अडवतात," मी म्हणालो, "तो गोंगाट ढगांतूनही येतो."

"बरं," त्या म्हणाल्या, "लिहून ठेवते."