काला आंब, पहाटे चार दहा

माहितीपटासाठी काला आंबची, म्हणजे 1761च्या पानिपतच्या लढाईच्या स्मारकाची, शांतता हवी होती. शांतताही रेकॉर्ड करावी लागते हे एरवी एडिटिंगला बसल्यावरच आठवतं. या वेळी आधी आठवलं, कारण 14 जानेवारीच्या रात्री तिथे लढाईचा गलका ऐकू येतो असं दिग्दर्शकाच्या कानावर आलं होतं.

स्मारकाचा विटांचा स्तंभ संध्याकाळी पाहून घेतला. रात्री बाहेर गव्हाच्या बांधावर माइक लावले. पानिपतचं जानेवारीतलं धुकं म्हणजे माइकचा काळ. साध्या कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलवर, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागावर, ओल धरली की विद्युतभार गळतो आणि हेडफोनमध्ये ताडताड आवाज येतात, थेट टापांसारखे. निम्मी भुतं इथेच जन्माला येतात. गार पडलेला माइक मध्येच उबदार गाडीत नेला की संपलंच, काचेसारखं दव धरतं. म्हणून दोन्ही माइक आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सी) पद्धतीचे घेतले, त्यांना ओलीचं वावडं कमी. वर केसाळ विंडशील्ड, स्टँडच्या पायांखाली फोम. दोघांत अंतर 40 मीटर, पण रेकॉर्डर एकच. दोन रेकॉर्डर लावले की त्यांची घड्याळं हळूहळू सरकतात आणि नंतरचं मोजमाप फुकट जातं.

चार दहाला गलका आला. शब्द नाहीत, पण शेकडो माणसं एकदम ओरडावीत तसा चढला, विरला, पुन्हा चढला. दिग्दर्शकाने माझ्या डोक्यावरून हेडफोन ओढूनच घेतले.

सकाळी दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवले. शहराकडच्या माइकवर प्रत्येक चढ 0.09 सेकंद आधी. त्या थंडीत आवाज सेकंदाला साधारण 334 मीटर जातो, म्हणजे वाटेत 30 मीटरचा फरक. दिशा महामार्गाची. धुक्यात चाचपडणारे ट्रक, एकावर एक हॉर्न. रात्री जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार थर असला की वर निघालेला आवाज वाकून खाली येतो, कोसभर लांबचाही. वाटेत त्याची धार हवेत विरते. उरतो तो जमावासारखा घोगरा गोंगाट.

हे सगळं दिग्दर्शकाला आलेखासकट दाखवलं. ऐकून घेतलं, आणि तोच तुकडा थोडा घुमवून भाऊसाहेबांच्या प्रसंगाखाली घातला. लोकांना हेच हवं असतं म्हणे. आमच्या धंद्यात पुराव्यापेक्षा पार्श्वसंगीताला मान जास्त.

पण अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी सुटत नाही. 1526च्या लढाईनंतरही इथे रात्री रणकल्लोळ ऐकू येतो, असं तो सांगतो. हिजरी 997 मध्ये लाहोरहून फत्तेपूरला जाताना पहाटे त्याने स्वतः तो ऐकला, सोबतच्यांना वाटलं शत्रूच चालून आला. म्हणजे 1761च्या पावणेदोनशे वर्षं आधी. गार हवेचा थर त्या पहाटेही असेल, पण थर आवाज वाकवतो, काढत नाही. तेव्हा ट्रक नव्हते. मग एवढ्या पहाटे त्या माळावर ओरडत कोण होतं?