वीस वेळा तेच अक्षर

एका पानावर आपण चार वेळा 'आणि' लिहिला तर चारही वेगळे दिसतात, आणि शाळेत त्यावरून बोलणी खाल्लेले पुष्कळ जण असतील. चीनमध्ये मात्र याच गोष्टीचं केवढं कौतुक! इ.स. ३५३ मध्ये शाओशिंगजवळ लानथिंगला नामांकित सुलेखनकार वांग शीझीने मित्रमंडळी जमवली, ओढ्यात दारूचे प्याले सोडायचे, प्याला ज्याच्यासमोर थांबेल त्याने कविता करायची, नाही सुचली तर शिक्षा म्हणून प्यायची (घ्या, याला शिक्षा म्हणायचं!). त्या कवितांना वांगने तिथेच प्रस्तावना लिहिली, २८ ओळी, ३२४ अक्षरं. त्यात 'झी' हे आपल्या चा-ची-चे सारखं फुटकळ काम करणारं अक्षर वीस वेळा आलंय आणि म्हणतात की वीसही वेळा वेगळ्या वळणाचं. मधे खाडाखोडसुद्धा आहे. नंतर शुद्धीत त्याने परत परत लिहून पाहिलं पण तसं काही जमेना, अशी गोष्ट सांगतात. मूळ कागद म्हणे थांग सम्राट थायझोंगच्या थडग्यात गेला, आज आहेत त्या नकला, पण नक्कल करणारे इतके इमानी की खाडाखोडही जशीच्या तशी उतरवलीये!

मग १०४० च्या दशकात बी शंग येतो, छपाईसाठी प्रत्येक अक्षराचा सुटा खिळा करायची युक्ती घेऊन. ओल्या मातीचे खिळे, त्यावर एकेक अक्षर कोरायचं, भाजायचं, लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख पसरून त्यात जुळवायचं, गरम करून वरून सपाट फळी दाबली की थंड झाल्यावर पक्कं. एक पत्रा छापतोय तोवर दुसरा जुळवून तयार. त्या काळच्या शन ख्वो या विद्वानाने हे सगळं लिहून ठेवलंय, वर असंही की 'झी'सारख्या अक्षरांचे वीसहून जास्त खिळे ठेवलेले, एकाच पानात लागतात म्हणून. तेच अक्षर, तोच आकडा, आणि इथे सगळे सारखे हवेत! अर्थात हातानेच कोरलेले, म्हणजे हुबेहूब नसणारच.

डोकं भन्नाट, पण पुढची कित्येक शतकं चीनमध्ये चलती राहिली लाकडी ठशांचीच. मजकूर पातळ कागदावर हाताने लिहायचा, कागद फळीवर पालथा चिकटवायचा, अक्षरं सोडून बाकी लाकूड कोरून काढायचं, म्हणजे छापलं तरी लिहिणाऱ्याचं वळण शाबूत. आणि फळ्या जपून ठेवल्या की दहा वर्षांनी आणखी पन्नास प्रती काढा, हजारो खिळ्यांत परत 'झी' शोधत बसायला नको.