डावी बाजू, उजवी बाजू: चिलखती स्वाराची तीन चित्रं

मंडळी, दुसऱ्या स्वाराचं चित्र काल रात्री पुरं झालं. तिसऱ्याचं शिरस्त्राण आणि छाती रंगवून झालीय, हात बाकी आहेत. मागच्या वेळी नुसत्या पेन्सिलीच्या रेघा दाखवल्या होत्या. मधल्या दोन महिन्यांत त्यातलं निम्मं पुसून नव्याने काढलं. का पुसलं तेच आज सविस्तर सांगतो, कारण चिलखत रंगवणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी अडणार आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: हौशी लोकांनी मिळून बनवलेल्या, आळीपाळीने चाली करायच्या एका फँटसी गेमसाठी मी घोडदळाची तीन व्यक्तिचित्रं करतोय. स्वार लढाया मारत वरच्या पायरीवर चढतो आणि प्रत्येक पायरीला त्याचं नवं चित्र लागतं. कमरेपासून वरचा स्वार, सोबत घोड्याची मान आणि डोकं. या गेममध्ये ड्रॅगन आहेत, मंतरलेली हाडं आहेत. म्हणूनच माणसाच्या अंगावरचं लोखंड खरं वाटलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पहिला बेत असा होता: पहिल्या पायरीला तेराव्या शतकातलं कड्यांचं चिलखत, दुसरीला चौदाव्यातलं, तिसरीला १४८०च्या सुमाराचं जर्मन गॉथिक धाटणीचं पत्र्यांचं चिलखत. चढती भाजणी छान दिसत होती. पण गेममध्ये हा एकच माणूस आहे. चार लढायांत दोनशे वर्षं उलटत नाहीत. शिवाय युरोपातलं कुठल्याही एका सालचं सैन्य घ्या, त्यात आजोबांचं चिलखत चढवलेला आणि मिलानहून नवं कोरं मागवलेला, दोघेही शेजारी शेजारी उभे सापडतील. म्हणून तिन्ही चित्रं १३९० ते १४१० या वीस वर्षांत बसवली. फरक काळाचा नाही, ऐपतीचा.

पहिल्या पायरीच्या गड्याला विस्बीने कपडे दिले. बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावर, विस्बीच्या तटाबाहेर, जुलै १३६१मध्ये डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्या फौजेने बेटावरचे शेतकरी कापून काढले. दिवस उन्हाळ्याचे होते, कितीतरी प्रेतं अंगावरच्या चिलखतासकट सामूहिक खड्ड्यांत गेली. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले, तेव्हा कापडाला किंवा चामड्याला आतून लोखंडी पत्रे ठोकलेली जाकिटं मिळाली. बाहेरून दिसतात ती फक्त रिवेटांची डोकी. असलं जुनं जाकीट तीस वर्षांनी एखाद्या गरीब स्वाराच्या अंगावर दाखवायला मला काहीच अडचण वाटत नाही.

इथे एक काम न कंटाळता करा. रिवेट मनाला येतील तिथे टिकल्यांसारखे मारू नका. आधी खालच्या लेयरवर, म्हणजे संगणकावरच्या चित्राच्या खालच्या थरावर, आतले पत्रे काढा, कुठला पत्रा कुणावर चढतो ते ठरवा, आणि मग त्या पत्र्यांच्या कडेकडेने रिवेटांच्या ओळी घ्या. पत्र्यांचा लेयर शेवटी बंद करायचा आहे, तरी काढा. बघणाऱ्याला पत्रे दिसत नाहीत, पण छाती आतून भरीव आहे हे त्याला लगेच कळतं.

आता पुसापुशीची मुख्य गोष्ट. दुसऱ्या स्वाराची छाती आणि खांदे मी क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधलं मिरर चालू ठेवून काढले. अर्धं काढा, अर्धं आपोआप. चित्र नीटनेटकं झालं आणि खोटं झालं. भालाईत स्वाराच्या दोन बाजूंना दोन वेगळी कामं असतात. भाला उजव्या काखेत आवळलेला, त्याचं टोक घोड्याच्या मानेवरून डावीकडे निघालेलं. म्हणजे समोरच्याचा घाव येणार तो बहुतेक डाव्या अंगावर. इंग्लंडात कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये ब्लॅक प्रिन्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युवराज एडवर्डची कबर आहे. तो १३७६ साली वारला. त्याच्या मोठ्या शिरस्त्राणाला श्वासासाठी पाडलेली भोकं उजव्या गालावर आहेत, आणि तीही मुकुटाच्या आकारात. डावा गाल सलग ठेवलाय, भाल्याचं टोक अडकायला जागाच नाही. हे एकदा डोक्यात बसलं की आरशातली छाती डोळ्यांना खुपायला लागते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस छातीच्या उजव्या बाजूला एक लोखंडी आकडा येतो, भाल्याचा धक्का हाताऐवजी छातीच्या पत्र्यावर घेण्यासाठी. मिररच्या कृपेने माझ्या स्वाराला असे दोन आकडे झाले होते! सगळी छाती पुसली. आता आकडा एकच आहे, आणि उजव्या खांद्याखाली काखेपाशी मोकळी जागा ठेवलीय, नाहीतर भाला आवळणार कुठे? त्या जागेतून कड्यांचं चिलखत डोकावतं आणि त्याच्याखाली शिवलेल्या जाड अंगरख्याची कड. चित्रातली मला सगळ्यात आवडलेली जागा तीच आहे.

धातू. करड्या रंगावर पांढरी रेघ ओढली की पोलाद होत नाही. पॉलिश केलेल्या पत्र्याला स्वतःचा रंग जवळपास नसतोच, तो आसपासचं जग दाखवतो. मी स्वयंपाकघरातलं स्टीलचं पातेलं गच्चीवर पालथं ठेवून सकाळी आणि संध्याकाळी बघत बसलो. वरच्या गोलाव्यात आभाळ, फिकट निळसर. खाली गच्चीचा तांबूस उबदार रंग. आणि दोन्हींच्या मध्ये, जिथे कठडा आणि पलीकडची झाडं उमटतात, तिथे एक गडद पट्टा. तो पट्टा म्हणजेच क्षितिज. माझ्या आधीच्या चित्रांत तोच नव्हता. आता छातीच्या फुगवट्यावर तो आडवा वळवून घेतला आणि वर-खाली दोन वेगळे रंग ठेवले, तेव्हा पत्रा गोल झाला. चकाकी शेवटी दिली, अगदी थोडी, कडांना आणि मधल्या उंचवट्याला.

हातोडीच्या खुणांबद्दल बोलायलाच हवं, कारण फँटसी चित्रांत त्या सगळीकडे असतात. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम पाहिलेल्यांना ठोक्यांची ती सारखी नक्षी माहीत आहे. तिथे ती हवीच असते. मिलानच्या चांगल्या कारागिराचं चिलखत मात्र घासून गुळगुळीत केलेलं असे. म्हणून खळगे काढू नका. पत्रा हाताने घडवलाय हे दाखवायचं असेल तर तो क्षितिजाचा पट्टा किंचित हलता ठेवा, तेवढ्याने भागतं.

तिसऱ्या स्वारासाठी दक्षिण टायरोलमधल्या चुरबुर्ग किल्ल्यातला संग्रह समोर ठेवलाय. घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जपलेली चिलखतं आहेत. त्यांतल्या चौदाव्या शतकाच्या शेवटच्या एका चिलखताच्या पत्र्यांना पितळी पट्ट्यांच्या कडा आहेत. श्रीमंती दाखवायला मला पंख, शिंगं, कवट्या लागल्या नाहीत. पोलादावर पिवळी किनार पुरली.

त्याच्या डोक्यावर बॅसिनेट, म्हणजे डोक्याला घट्ट बसणारं शिरस्त्राण, आणि त्याचा टोकदार थुथनाचा व्हायझर, म्हणजे तोंडावरची लोखंडी झडप, वर उचललेला, कारण व्यक्तिचित्रात डोळे दिसायलाच हवेत. गळ्यावर लोंबणारी कड्यांची झालर शिरस्त्राणाला कशी अडकते ते मी आधी गोलमाल करून टाळत होतो. खरी रचना फार देखणी आहे. शिरस्त्राणाच्या कडेने लहान लहान पोकळ खुंट्या असतात. झालरीची वरची कड एका चामडी पट्टीला शिवलेली असते, त्या पट्टीची भोकं खुंट्यांवर बसतात, आणि खुंट्यांमधून एक दोरी ओवली की झालर पक्की. दोरी ओढली की झालर सुटी. ही दोरी मी लाल काढलीय आणि डाव्या कानामागे तिची गाठ दाखवलीय. सकाळी कुणीतरी, बहुधा त्याच्या पोऱ्याने, ती बांधून दिली असेल.

घोड्यांवर फार वेळ घालवला नाही. पहिल्याला नुसता लगाम, दुसऱ्याला कापडी झूल, तिसऱ्याच्या तोंडावर पाखर, लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये १४००च्या सुमाराची एक आहे तिच्या धर्तीवर. पण घोडे राक्षसी काढू नका. त्या काळचे लढाऊ घोडे खांद्याशी साधारण दीड मीटरचे. स्वाराचं पूर्ण चिलखतही वीस-पंचवीस किलोंचं आणि सगळ्या अंगावर वाटलेलं, त्यामुळे तो वाकून बसत नाही, ताठ बसतो.

एक अडचण अजून उभी आहे. स्वार पटाच्या कुठल्या बाजूला आहे ते बघून गेम चित्र आपोआप उलटं करतो. उलटलं की भाला डाव्या हातात, आकडा डाव्या छातीवर, सगळी मेहनत वाया. या तीन चित्रांपुरतं उलटणं बंद करा, अशी विनंती मी गेम बनवणाऱ्या मंडळाला केली आहे. नाही जमलं तर दुसऱ्या बाजूची तीन चित्रं वेगळी काढेन. महिना जाईल, जाऊ दे.

या आठवड्यात दस्ताने घ्यायचे आहेत. त्या वीस वर्षांतले दस्ताने मनगटाशी आवळलेले आणि कोपराकडे पुन्हा रुंद होणारे, थेट डमरूसारखे. डमरू जमलाय, बोटांवरचे पत्रे अजून माशाच्या खवल्यांसारखे दिसताहेत. मुठीत लगाम धरल्यावर कुठला पत्रा कुणाखाली सरकतो ते कळावं म्हणून पुठ्ठ्याचे तुकडे कापून बोटांवर बांधलेत. कुणी आधी बंद मूठ रंगवली असेल तर अंगठा कसा सोडवलात ते जरूर सांगा.