१०० ऑर्डर आणि ८८० रुपये

आधी मी ट्रेनमध्ये कुर्त्या विकायचे. फेरीवाली नाही हं, सकाळच्या लोकलला लेडीज डब्यात आमचा ग्रुप होता, मी दादरला हिंदमाताहून पाच-सहा पीस आणून ठेवायचे, भांडुपला चढले की पिशवी उघडायची आणि घाटकोपर येईपर्यंत दोन तरी जायचे. २३० ची कुर्ती ३५० ला, पैसे पगार झाल्यावर. खर्च काय, तर पिशवी. मग ऑफिस लांब शिफ्ट झालं, नोकरी सुटली आणि जो तो म्हणायला लागला, अगं ऑनलाइन टाक ना, भारतभर विकशील.

२०२४ च्या सुरुवातीला एका शॉपिंग साइटवर टाकलं. फक्त महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नंबरशिवाय पण चालतं, पण मला भारतभरचं भूत चढलेलं, त्यामुळे नंबर काढला. खोली सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्यांचं लाईट बिल आणि संमतीपत्र. सही करताना सासरे म्हणाले, "म्हणजे आता माझ्या घराला दुकान म्हणायचं का?"

पहिला महिना नुसता मोबाईल वाजायचा. ऑर्डर आली, ऑर्डर आली. मी आपली डोक्यात हिशोब करत बसलेली, ५४९ ला विकली, २३० ला आणली, कमिशन-बिमिशन जाऊन २०० तर कुठे नाही जात. पॅकिंग पण किती हौशीचं, छान पुठ्ठ्याचा बॉक्स, आत टिश्यू पेपर, आणि शिपिंग बघते तर दीड किलोचं. कुर्ती २८० ग्रॅमची! भांडायला कॉल केला तेव्हा कळलं की साइटवाले वजन नुसतं काट्यावर बघत नाहीत, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, आणि दोन्हीतलं जे जास्त ते धरतात. माझा बॉक्स ३० बाय २५ बाय १०, म्हणजे बरोब्बर दीड किलो, त्यात बहुतेक हवा. मग प्लास्टिकच्या कुरियर बॅगा आणल्या, कुर्ती चपटी घडी केली की उंची ३ सेंटीमीटर, झालं ४५० ग्रॅम, अर्धा किलोच्या स्लॅबमध्ये बसली. टिश्यू पेपर अजून पडलाय, मुलीच्या प्रोजेक्टला कामी येतो.

चार महिन्यांत ४०० च्या वर ऑर्डर झाल्या आणि हिंदमाताच्या शेठचे १८ हजार द्यायचे राहिले. हा हिशोब काही जमेना मला. विक्री तर दिसतेय मग पैसा कुठाय? नणंद अकाउंट्समध्ये आहे, ती रविवारी जेवायला आली तर मी ताटं उचलायच्या आधी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिने पेमेंटचा रिपोर्ट डाउनलोड केला (मी तो कधी उघडलाच नव्हता, खोटं कशाला बोलू) आणि एकच विचारलं, "वहिनी, ऑर्डर सोड, गिऱ्हाईकाने ठेवून घेतलेले पीस किती?"

१०० मधले ६२. बाकी ३८ परत. त्यातले १८ आरटीओ, रिटर्न टू ओरिजिन, म्हणजे गिऱ्हाईकाने हातातच घेतले नाहीत, घरी नव्हते, नको म्हणाले, कॅश ऑन डिलिव्हरीला हे फार होतं (आरटीओ म्हटलं की मला अजून लायसन्सच आठवतं). उरलेले २० घेतले, घालून बघितले आणि परत केले.

मग तिने एका पिसाचा हिशोब मांडला. ५४९ मध्ये ५ टक्के जीएसटी आतच आहे, तो काढला की राहिले ५२३. त्यातून कुर्तीचे २३०, कमिशन ६६, फिक्स्ड फी २५, शिपिंग ७२, बॅग-लेबल-टेप ९. उरले १२१. मी म्हटलं वाईट नाही की. ती म्हणाली थांब, हे फक्त त्या ६२ वर. ६२ गुणिले १२१ म्हणजे ७,५०२. आता गिऱ्हाईकाने परत केलेल्या प्रत्येक पिसाचं परतीचं भाडं माझ्याच डोक्यावर, १४० रुपये, वर पॅकिंग फुकट गेलेलं, २० पिसांचे २,९८०. आरटीओला माझ्याकडे भाडं लागत नव्हतं, फक्त पॅकिंग, १६२. परत आलेल्यात ५ पीस विकण्यासारखे नव्हते, लिपस्टिक, फाउंडेशन, एकाला हळद, ते ११५०. बाकीच्यांना इस्त्री आणि नवी पिशवी, ३३०. आणि जाहिराती २,०००.

राहिले ८८०. शंभर ऑर्डरला! दादरहून गाठोडं आणायचं, फोटो काढायचे, रात्री बारापर्यंत लेबलं चिकटवायची, सगळ्याचे मिळून ८८०. नवरा शांतपणे म्हणाला, "इस्त्रीवाला जास्त कमावतो."

जीएसटीची एक गंमत नणंदेने दाखवली ती मला आधी कोणी सांगितलीच नव्हती. कुर्ती विकताना मी ५ टक्के गोळा करते, पण कमिशन-शिपिंगवर मला १८ टक्के लागतो. त्याचं क्रेडिट मिळतं, हो, म्हणजे भरलेला जीएसटी विकतानाच्या जीएसटीतून वळता करता येतो, पण वापरायचं कुठे? विकताना २६ रुपये जीएसटी, त्यातले खरेदीवरचे साडेअकरा आधीच वळते, आणि फीवरचेच २९. म्हणजे प्रत्येक पिसामागे क्रेडिट साचत जातं, पोर्टलवर छान आकडा दिसतो आणि हातात काही येत नाही, सर्व्हिसवरच्या अशा साचलेल्या क्रेडिटचा रिफंडही देत नाहीत. शिवाय पेमेंट करतानाच साइटवाले ०.५ टक्का टीसीएस (जीएसटीपोटी) आणि ०.१ टक्का टीडीएस (इन्कम टॅक्सपोटी) कापतात. रक्कम छोटी, पण टीसीएसचा क्लेम आपण जीएसटीच्या पोर्टलवर जाऊन करायचा असतो, मी पाच महिने केलाच नव्हता.

सगळ्यात जास्त डोकं रिटर्नवर घातलं. कारणं बघितली तर निम्म्याहून जास्त साइजची. मी बाकीच्यांचा तयार साइज चार्ट टाकलेला, एल म्हणजे छाती ४० इंच, आणि शेठच्या कुर्त्या मोजल्या तर एल निघाला ३८ आणि एक्सएल साडेएकोणचाळीस. टेप घेऊन प्रत्येक डिझाइनच्या प्रत्येक साइजची छाती, उंची, बाही मोजली आणि तेच लिहिलं. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याएवढा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही. पांढरा आणि ऑफ व्हाइट बंदच केला, परत आला की डाग असतोच. पावसाळ्यात पार्सल ओलं येतं, जुलैमध्ये तर वासावरून कळायचं, मग डबल पिशवी, दीड रुपया जास्त, जाऊ दे.

एकदा कुर्तीच्या जागी जुना गाऊन परत आला, कोपरा फाटलेला. उघडताना व्हिडिओ काढलेला, तरी क्लेम रिजेक्ट, कारण सुरुवातीला लेबल दिसत नव्हतं. आता आधी लेबलचा नंबर, मग सहा बाजू, मग कात्री, सगळं एका दमात, मधे कट नाही. मुलगी शूट करते आणि मी बातम्या दिल्यासारखी मोठ्याने नंबर वाचते. दोन क्लेम मिळालेत तेव्हापासून.

भाव ५९९ केला. भीती वाटत होती आणि ती खरीच ठरली, महिन्याच्या १०० ऑर्डरच्या ७० झाल्या. ज्या डिझाइनचे रिटर्न जास्त त्याची जाहिरात बंद, सणाच्या सेलमध्ये डिस्काउंट माझ्या खिशातून जाणार असेल तर तिथे पण नाही. शेठला रोख द्यायला लागले तर २३० ची कुर्ती २२५ ला सोडली. आता १०० मधले ७१ पीस ठेवले जातात, १०० ऑर्डरमागे ८ हजारांच्या आसपास राहतात. आणि कुर्ती-पँट-दुपट्टा सेट सुरू केला, त्यात फिक्स्ड फी तेवढीच आणि भाडं थोडंसंच वाढतं. आधी तो मुद्दाम ९९९ ला ठेवलेला, १००० च्या वर गेलं की १२ टक्के जीएसटी होता ना. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० पर्यंत ५ टक्केच झाला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ११४९ केला.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. घाऊकमध्ये माल सेटनेच मिळतो, एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल, एकेक पीस. ऑनलाइन माझे एल आणि एक्सएल उडतात, एम पडून राहतात. शेठला किती वेळा म्हटलं एम काढून द्या, तो कॅल्क्युलेटरवरून मान वर न करता म्हणतो, "ताई, सेट नहीं टूटेगा." परवा एमचे १४ पीस पिशवीत भरले आणि जुन्या ग्रुपला फोन करून सकाळची लोकल पकडली. मुलुंडहून येणाऱ्या दोघींनी चार घेतले, ३५० ने. पैसे पगार झाल्यावर.